ट्रॅक्टरचा सेल्फ : दोष कसा ओळखावा व कसा दूर करावा

मृगाचा पाऊस पडून जमिनीस वाफसा आला म्हणजे शेतकऱ्याच्या दृष्टीने एकेक दिवस मोलाचा होतो. काळ्या भारी रानात हा वाफसा फार दिवस टिकत नाही. पुन्हा पाऊस लागला तर चिखल होतो आणि पावसाने ओढ दिली तर जमीन आवळून येते. अशा ऐन घाईच्या वेळी ट्रॅक्टरची चावी फिरवावी आणि 'टक्' एवढाच आवाज होऊन यंत्र मुके राहावे, हा प्रसंग पुष्कळांच्या वाट्यास येतो. मग "सेल्फ गेला" असा निर्णय तेथल्या तेथे दिला जातो. पाना लावून स्टार्टर उतरविला जातो, मोटारसायकलला बांधून तालुक्याच्या गावी पोहोचविला जातो आणि हंगामाच्या गर्दीत कारागिराच्या दुकानी पाळीची वाट पाहत पडून राहतो. दोनतीन दिवसांनी तो परत येतो, जागेवर बसविला जातो आणि कित्येकदा पुन्हा तोच 'टक्' ऐकू येतो. याचे कारण उघड आहे. दोष स्टार्टरमध्ये नव्हताच. तो बॅटरीच्या टोकावर साचलेल्या हिरव्या-पांढऱ्या क्षारात, ढिल्या झालेल्या अर्थिंगच्या पट्टीत अथवा खुद्द बॅटरीतच होता.

स्टार्टर खरोखरच नादुरुस्त होतो, नाही असे नाही. त्याचे कार्बन झिजतात, बुश खातात, बेंडिक्स घसरते. परंतु तो उतरविण्यापूर्वी अर्धा तास खर्च करून वीज बॅटरीपासून मोटरपर्यंत कोठवर पोहोचते व कोठे अडते हे पाहिले, तर दोषाची जागा जवळजवळ नेहमीच हाती लागते. या कामास मोठी हत्यारे लागत नाहीत. पाने, एक स्वस्तातला मल्टिमीटर, तारेचा ब्रश आणि मदतीस एक माणूस एवढी सामग्री पुरते. गावातील कार्यकर्त्यांनी ही तपासणी एकदा शिकून घेतली तर हंगामात तिचा उपयोग अनेक शेतकऱ्यांना होण्यासारखा आहे.

स्टार्टरचे काम

इंजिन स्वतःच्या बळावर चालू लागण्यापूर्वी त्यास बाहेरून फिरवावे लागते. पूर्वी हे काम हँडल मारून होत असे, व हँडल उलटून हात मोडण्याचे अपघात त्या काळी नित्याचे होते. चार्ल्स केटरिंग यांनी सिद्ध केलेला विजेचा स्टार्टर १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक मोटारीवर बसविण्यात आला आणि पुढे तो ट्रॅक्टरवरही आला. डिझेल इंजिनाच्या बाबतीत तर तो विशेष महत्त्वाचा आहे. या इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा जोराने दाबली गेल्यामुळे जी उष्णता उत्पन्न होते, तिच्यामुळेच डिझेल पेट घेते. इंजिन मंद गतीने फिरले तर ही उष्णता सिलिंडरच्या भिंतींत जिरून जाते आणि कितीही वेळ सेल्फ मारला तरी धुरापलीकडे काही निघत नाही. मिनिटास साधारणतः १५० ते २५० फेरे मिळाले म्हणजे निरोगी इंजिन सहज पेटते.

हे फेरे देणारी मोटर आकाराने लहान असते. तिच्या दांड्यावरील पिनियनला दहाच्या आसपास दाते असतात, तर फ्लायव्हीलवरील रिंगला शंभराहून अधिक. म्हणून मोटर दहाबारा वेळा फिरते तेव्हा इंजिन एकदा फिरते. पिनियन पुढे ढकलून रिंगमध्ये अडकविणे आणि त्याच वेळी मोटरला बॅटरीची वीज जोडून देणे ही दोन्ही कामे स्टार्टरच्या पाठीवर बसविलेला सॉलिनॉइड करतो. चावी फिरविल्यावर जो 'टक्' ऐकू येतो तो त्याचाच. इंजिन पेटल्यावर ते वेगाने फिरू लागते व उलट मोटरलाच फिरवू पाहते. त्या वेळी मोटरला मोकळे सोडणारा भाग म्हणजे बेंडिक्समधील एकदिशा क्लच. तो नसता, तर इंजिनाचे २,००० फेरे झाले असता मोटर २०,००० हून अधिक फेरे घेऊन तिच्या तारा उसवून गेल्या असत्या.

आता वीज किती लागते ते पाहावे, कारण बहुतेक दोषांचा उलगडा येथेच होतो. ट्रॅक्टरच्या पुढील एका दिव्यास चारपाच अँपिअर वीज पुरते. चाळीस-पन्नास अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचा स्टार्टर मात्र इंजिन फिरवीत असता २०० ते ४०० अँपिअर वीज ओढतो व पहिल्या झटक्यास त्याहूनही अधिक. समजा, बॅटरीच्या टोकावर क्षार साचून तेथे एक ओहमचा केवळ शंभरावा भाग अडथळा उत्पन्न झाला आहे. दिव्याच्या पाच अँपिअरला या अडथळ्यापायी अवघा ०.०५ व्होल्ट गमवावा लागेल. दिव्याच्या उजेडात काहीही फरक दिसणार नाही. परंतु स्टार्टरच्या ३०० अँपिअरला त्याच जागी ३ व्होल्ट गमवावे लागतील, म्हणजे १२ व्होल्टांपैकी पाव हिस्सा वाटेतच खर्च होईल, आणि ९०० वॅटची शेगडी पेटावी तशी ती जोडणी तापेल. "दिवे लागतात, हॉर्न वाजतो, मग बॅटरी ठीकच आहे, सेल्फच खराब असला पाहिजे," असा जो युक्तिवाद नेहमी ऐकू येतो, तो फसवा आहे तो यामुळेच.

एक घातक सवय

तपासणीकडे वळण्यापूर्वी एका सवयीविषयी स्पष्ट लिहिणे अगत्याचे आहे. चावीने सेल्फ लागत नसला म्हणजे पुष्कळ चालक खाली उतरून, मागील मोठ्या चाकापुढे उभे राहून, सॉलिनॉइडची दोन टोके स्क्रूड्रायव्हरने किंवा पान्याने जोडतात. मोटर फिरते, इंजिन पेटते व काम भागते. मात्र ट्रॅक्टर गिअरमध्ये राहून गेला असेल तर इंजिन पेटताच तो चालू लागतो, आणि मागील चाक माणूस उभा असतो नेमका तेथूनच जाते. बाजूस होण्यास एका क्षणाचाही अवसर मिळत नाही. या रीतीने माणसे दगावली आहेत, व ती अननुभवी होती असे नाही.

पुष्कळ ट्रॅक्टरांत, गिअर न्यूट्रलमध्ये नसता किंवा क्लच दाबलेला नसता सेल्फ लागू नये, यासाठी एक लहान स्विच बसविलेला असतो. तो बिघडला म्हणजे त्याच्या दोन तारा एकत्र पिळून टाकण्याची युक्ती कोणीतरी सांगतोच. ती करू नये. स्विच बदलावा. इंग्लंडमध्ये १९४६ पासून तयार होऊ लागलेल्या फर्ग्युसन टीई-२० या ट्रॅक्टरात तर गिअरचा दांडाच एका ठरावीक खाचेत नेऊन स्टार्टर चालवावा लागे. दांडा त्या खाचेत असता ट्रॅक्टर गिअरमध्ये असणे शक्यच नसे. यंत्र घडविणाऱ्यांनी हा धोका इतक्या आधीपासून ओळखला होता.

म्हणून तपासणीच्या वेळी ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा. गिअर न्यूट्रलमध्ये, हातब्रेक ओढलेला व मागील चाकांस पुढून-मागून दगड लावलेले असावेत. चावी फिरविणारा माणूस आसनावर बसलेला असावा आणि मीटर धरणाऱ्याने चाकाच्या वाटेत उभे राहू नये. इंजिन बंद करण्याची दोरी ओढून ठेवल्यास, किंवा विजेने बंद होणाऱ्या इंजिनाचा इंधनाचा सॉलिनॉइड सुटा केल्यास, ते फिरेल पण पेटणार नाही. बॅटरीजवळ विडी-काडी नको. बॅटरी चार्ज होत असता तीतून हायड्रोजन वायू निघतो, व एका ठिणगीने तिचे कवच फुटून आम्ल डोळ्यांत उडते.

आवाज ऐकावा

अनुभवी माणूस चावी फिरविल्यानंतरच्या आवाजावरून अर्धे निदान करतो. 'टक्-टक्-टक्-टक्' असा भराभर आवाज येत असेल तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिच्या जोडण्या खराब आहेत असे बहुधा समजावे. सॉलिनॉइड ओढला जातो, मोटरला वीज जोडली जाते, त्या भाराने व्होल्टेज कोसळते, सॉलिनॉइड सुटतो. भार जाताच तो पुन्हा ओढला जातो, असा हा खेळ चाललेला असतो. एकच भक्कम 'टक्' होऊन पुढे शांतता पसरली तर सॉलिनॉइडमधील तांब्याचे संपर्क जळलेले, मोटरचे कार्बन झिजलेले, अथवा पिनियन रिंगमध्ये अडकून बसलेला असू शकतो. मोटर गर्रकन मोकळी फिरते परंतु इंजिन हलत नाही, अशा वेळी बेंडिक्सचा क्लच घसरत आहे किंवा पिनियन पुढे ढकलणारा काटा मोडला आहे. दाते घासल्याचा कर्कश आवाज आला तर पिनियन व रिंग तपासावी. काहीच आवाज नसेल तर चावीपासून सॉलिनॉइडच्या लहान टोकापर्यंतची तार, फ्यूज, चावीचा स्विच व न्यूट्रलचा स्विच ही वाट पाहावी.

चावी सोडली तरी स्टार्टर फिरतच राहिला, तर ते संपर्क एकमेकांस चिकटल्याचे लक्षण होय. तेव्हा विचार करीत न बसता बॅटरीचे अर्थिंगचे टोक ताबडतोब काढावे. विलंब झाला तर मोटर जळते.

रात्री किंवा सावलीत करावयाची एक जुनी कसोटी मीटर नसतानाही उपयोगी पडते. पुढचे दिवे लावून चावी फिरवावी. दिवे एकदम मंद झाले तर बॅटरी अशक्त आहे, जोडणीत अडथळा आहे, किंवा मोटर अथवा इंजिन जाम आहे. दिवे तसेच लखलखीत राहिले व मोटर मात्र हलली नाही, तर वीज मोटरच्या आत शिरतच नाही. सॉलिनॉइडचे संपर्क किंवा कार्बन यांच्याकडे वळावे. इंजिन जाम नाही याचीही खात्री करून घ्यावी. पुलीच्या बोल्टास पाना लावून ते हाताने थोडे फिरते का ते पाहावे. पिनियन रिंगमध्ये रुतला असल्यास चावी काढून घेऊन, वरचा गिअर टाकून, ट्रॅक्टर मागे-पुढे हलविला असता तो पुष्कळदा सुटतो.

बॅटरी

तपासणीचा आरंभ बॅटरीपासूनच व्हावा. इंजिन बंद करून काही तास उलटल्यावर तिच्या दोन टोकांवर मीटर लावला असता १२.६ व्होल्ट किंवा किंचित अधिक दिसले तर ती पूर्ण भरलेली आहे. १२.२ व्होल्ट म्हणजे साधारण निम्मी. १२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करून मगच पुढची तपासणी करावी. उतरलेल्या बॅटरीवर केलेली कोणतीही चाचणी विश्वासार्ह नसते. झाकणे निघणारी बॅटरी असल्यास हायड्रोमीटरने सहाही खान्यांतील आम्लाची घनता पाहावी. भरलेल्या बॅटरीत ती १.२४० ते १.२८० च्या दरम्यान असते. एखाद्याच खान्यात ती इतरांहून ०.०५० किंवा अधिक खाली आढळली, तर तो खाना मेलेला आहे व अशी बॅटरी चार्ज करून फारसे काही साधणार नाही.

तथापि, उभ्या बॅटरीचे १२.६ व्होल्ट पाहून समाधान मानू नये. खरी परीक्षा भाराखाली. मीटर टोकांवर ठेवून मदतनिसाला सेल्फ मारावयास सांगावे. फिरत असता व्होल्टेज ९.६ च्या खाली उतरू नये. भरलेली बॅटरीही सात-आठ व्होल्टांवर कोसळत असेल तर एक तर ती म्हातारी झाली आहे, नाही तर स्टार्टर वाजवीपेक्षा जास्त वीज ओढतो आहे. ओळखीच्या चांगल्या बॅटरीने तीच चाचणी पुन्हा केली की यांपैकी खरे काय ते कळते.

बॅटरीत शुद्ध केलेले पाणीच घालावे. विहिरीचे व बोअरचे पाणी क्षारयुक्त असते आणि हे क्षार पट्ट्यांवर बसून बॅटरीचे आयुष्य घटवितात. कमी झालेली पातळी भरून काढण्यासाठी आम्ल कधीही घालू नये. अलीकडे ट्रॅक्टरवर मोठे ध्वनिवर्धक बसविण्याची हौस वाढली आहे. इंजिन बंद ठेवून ते तासभर वाजवीत बसल्यावर सकाळी सेल्फ न लागल्यास त्याचा दोष स्टार्टरला देणे न्याय्य नव्हे.

विजेची वाट

बॅटरी चांगली ठरल्यावर वाटेतील गळती शोधावयाची. ही या तपासणीतील सर्वांत उपयुक्त पायरी होय, आणि नेमकी तीच बहुतेक ठिकाणी गाळली जाते. डोळ्यांनी पाहून जोडणी चांगली वाटते. वर लकाकी असते व आत, शिशाच्या खांबाला जेथे क्लॅम्प टेकतो तेथे, काळा थर असतो. म्हणून मीटरलाच विचारावे. मात्र प्रत्येक मोजणी सेल्फ मारीत असतानाच झाली पाहिजे. वीज वाहत नसेल तर अडथळाही दिसत नाही.

प्रथम मीटरचे एक टोक बॅटरीच्या धन खांबावर धरावे. वायरीच्या क्लॅम्पवर धरावयाचे नाही, प्रत्यक्ष खांबावर धरावयाचे. दुसरे टोक सॉलिनॉइडवर जेथे बॅटरीची जाड वायर येते त्या बोल्टावर धरावे. सेल्फ मारल्यावर मीटरने ०.२ व्होल्टपेक्षा अधिक दाखविले तर या टप्प्यात अडथळा आहे. मग खांब ते क्लॅम्प, क्लॅम्प ते वायर, वायर ते बोल्ट असे एकेक तुकडे मोजले की गुन्हेगार सापडतो.

त्यानंतर सॉलिनॉइडच्या दोन मोठ्या बोल्टांवर मीटर लावावा. चावी फिरविण्यापूर्वी तेथे बॅटरीचे पूर्ण व्होल्टेज दिसेल. 'टक्' होताच ते जवळजवळ शून्यावर आले पाहिजे. 'टक्' होऊनही मीटर १२ च्या आसपासच राहिला, तर आतील संपर्क जळून जोडणी होत नाही, असा निःशंक निर्णय द्यावा. अर्धा-पाऊण व्होल्ट दिसला तर संपर्क खाल्ले गेले आहेत, पण अजून काम रेटीत आहेत.

तिसरी मोजणी अर्थिंगची. मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर व दुसरे स्टार्टरच्या उघड्या लोखंडी अंगावर. येथेही ०.२ ते ०.३ व्होल्टच्या वर जाऊ देऊ नये. या बाजूकडे दुर्लक्ष होते, कारण ती मोटरकडे जाणारी वायर वाटत नाही. वस्तुतः जितकी वीज धन बाजूने जाते तितकीच या बाजूने परत यावी लागते. खंडेनवमीच्या किंवा दसऱ्याच्या आधी ट्रॅक्टर धुऊन त्यास नवा रंग देण्याचा प्रघात आहे. हा रंग अर्थिंगच्या पट्टीखाली गेला तर पूजेनंतर आठ दिवसांत सेल्फची तक्रार सुरू होते! पट्टी काढून, खालचा रंग खरवडून, धातूवर धातू टेकवून बोल्ट आवळावा.

क्षार काढण्यास तारेचा ब्रश व खाण्याचा सोडा कालविलेले गरम पाणी उत्तम. हे पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नये. वायरी काढताना अर्थिंगची आधी व बसविताना ती शेवटी, हा नियम पाळावा. म्हणजे धन टोक सोडविताना पाना ट्रॅक्टरच्या अंगास टेकला तरी ठिणगी उडत नाही. टोके घट्ट बसविल्यानंतर वरून पेट्रोलियम जेलीचा हात द्यावा. तुटलेल्या वायरीच्या जागी घराच्या फिटिंगमधली बारीक वायर दुहेरी-तिहेरी पिळून लावलेली काही ठिकाणी दिसते. तिचा काही उपयोग होत नाही. नवी वायर मूळ वायरीइतकी जाड तरी असलीच पाहिजे.

या तिन्ही मोजण्या ठीक आल्या, मोटरच्या बोल्टापर्यंत भरपूर व्होल्टेज पोहोचले आणि इंजिनही मोकळे असूनही मोटर फिरत नाही किंवा रडतरखडत फिरते, असे ठरले म्हणजेच स्टार्टर उतरविण्याची वेळ आली. मोटरच्या अंगावर लाकडी मुठीने हलकेच ठोकल्यावर ती फिरू लागली तर कार्बन संपत आल्याची ती निशाणी होय. काही चालक रोज सकाळी ठोकूनच काम भागवितात, तर काही ट्रॅक्टर रात्री उतारावर लावून ठेवतात. दोहोंमुळे दोष तेवढा झाकला जातो, आणि उतारावरचा ट्रॅक्टर ब्रेक सुटून आपोआप निघाला तर समोर काय येईल याचा नेम नसतो.

उतरविल्यानंतर

बॅटरीचे अर्थिंग काढल्याशिवाय स्टार्टरच्या बोल्टास हात लावू नये. मोटर वजनदार असते. शेवटचा बोल्ट सुटताना तिला खालून आधार द्यावा. ती निघाल्यावर त्या भोकातून फ्लायव्हीलची रिंग दिसते, तिचे दाते सबंध फेऱ्यात तपासण्याची ही संधी सोडू नये. इंजिन बंद होताना ते कोठेही थांबत नाही. पुढील सिलिंडरमधील दाबामुळे ते ठरावीक जागीच अडते. तीन सिलिंडरच्या इंजिनात अशा तीन जागा असतात व चार सिलिंडरच्या इंजिनात दोन. पिनियन नेहमी तेथेच येऊन आदळत असल्याने दाते त्या जागीच खाल्ले जातात. कधी सेल्फ लागतो व कधी केवळ घासल्याचा आवाज येतो, याचे कारण हेच. रिंग तापवून बसवावी लागते व त्यासाठी ट्रॅक्टर मधोमध सोडवावा लागतो, म्हणून ते काम कारखान्यातच करवून घ्यावे.

मागील झाकण काढले की कार्बन दिसतात. ते आपापल्या खोबणीत सहज सरकले पाहिजेत व त्यांच्या स्प्रिंगांत ताण हवा. नव्याच्या निम्म्यापर्यंत झिजले असल्यास सर्व संच एकदम बदलावा. नेमकी किमान लांबी त्या त्या बनावटीच्या पुस्तिकेत दिलेली असते. कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याचा कम्युटेटर काळवंडला असेल तर पेट्रोलचा बोळा फिरवून, आणि तेवढ्याने न भागल्यास बारीक काचकागदाने साफ करावा. एमरी पेपर वापरू नये, त्याचे कण तांब्यात रुतून बसतात व कार्बन खातात. तांब्याच्या पट्ट्यांमधील अभ्रक खोलवर कोरून काढण्याची काही कारागिरांना सवय असते. कित्येक स्टार्टरांत ते कोरावयाचे नसते, तेव्हा पुस्तिका पाहिल्याशिवाय करवत लावू देऊ नये.

आर्मेचर काढून त्याच्या लोखंडी अंगाकडे बारकाईने पाहावे. एका बाजूस घासल्याचे चकचकीत ओरखडे दिसले तर बुश खाल्ले गेले आहेत व आर्मेचर फिरताना पोलला घासत आहे. ही मोटर वीज खूप ओढते व फिरते मंद. पुष्कळ बॅटऱ्या हकनाक बदलल्या जातात त्या अशाच मोटरपायी. नवे बुश तेल शोषणाऱ्या सच्छिद्र काशाचे असतात. बसविण्यापूर्वी ते स्वच्छ इंजिन ऑइलमध्ये एक दिवस बुडवून ठेवावेत. आत रीमर घालून ते मोठे करू नयेत, त्याने सूक्ष्म छिद्रे बुजतात व बुश कोरडे पडतात.

आर्मेचरच्या तारा जळाल्या आहेत की काय, हे दिव्याने पाहता येते. १२ व्होल्टचा दिवा व बॅटरी ओळीने जोडून एक टोक कम्युटेटरच्या पट्टीवर व दुसरे दांड्यावर टेकवावे. दिवा लागता कामा नये. लागला तर वीज लोखंडात उतरते आहे. फील्ड कॉइलचीही परीक्षा अशीच, मात्र ज्या मोटरमध्ये कॉइलचे एक टोक अंगाला जोडलेले असते तेथे ते आधी सोडवून घ्यावे. तारा एकमेकींस भिडल्या असतील तर मात्र हा दिवा ते सांगू शकत नाही. त्यासाठी कारागिराकडील ग्राउलर लागतो. कम्युटेटरपाशी डाख वितळून उडालेला दिसला, तर सेल्फ फार वेळ सलग मारल्याचा तो पुरावा समजावा. एका वेळी १० ते १५ सेकंदांहून अधिक सेल्फ मारू नये व मध्ये निदान अर्धा-एक मिनिट थांबावे. चारपाच वेळा करूनही इंजिन पेटले नाही तर डिझेलमध्ये हवा शिरली आहे का ते बघावे. स्टार्टरला आणखी राबविण्यात अर्थ नाही.

बेंडिक्सचा पिनियन हाताने एका बाजूस सहज फिरला पाहिजे व दुसऱ्या बाजूस ठाम अडला पाहिजे. दोन्हीकडे फिरत असल्यास बदलावा. त्यास पेट्रोल किंवा डिझेलमध्ये बुडवून धुण्याचा मोह टाळावा, कारण आतले ग्रीस धुऊन जाते व ते पुन्हा भरता येत नाही. बाहेरून कापडाने पुसणे पुरे. कोकणात आणि भंडारा-गोंदियाकडील धानाच्या पट्ट्यात चिखलणीनंतर स्टार्टरमध्ये गाळ साठलेला हमखास आढळतो. तेथे चिखलणी आटोपताच झाकण काढून सफाई करणे श्रेयस्कर ठरते.

सॉलिनॉइड सुटा करता येण्याजोगा असेल तर त्यातील तांब्याची तबकडी उलटी बसवून व बोल्टांची डोकी सपाट घासून काही काळ काम चालते. पुष्कळ नव्या बनावटी बंद असतात, त्या पूर्णच बदलाव्या लागतात.

जोडणी पुरी झाल्यावर स्टार्टर ट्रॅक्टरवर चढविण्याआधी त्याची मोकळी चाचणी घ्यावी. मोटर शेगड्यात भक्कम आवळावी, कारण ती सुरू होताना जोराचा हिसका देते. जाड वायरीने तिला बॅटरी जोडून काही सेकंदच चालवावी. पिनियन झटकन पुढे आला पाहिजे, मोटर एकसारख्या आवाजात वेगाने फिरली पाहिजे व कार्बनपाशी मोठ्या ठिणग्या दिसता कामा नयेत. बसविताना स्टार्टर व इंजिन यांच्या टेकणाऱ्या बाजू घासून स्वच्छ कराव्यात, कारण अर्थिंगची वीज तेथूनच परत जाते. सर्व बोल्ट सारखे आवळावेत. स्टार्टर तिरका बसल्यास पिनियन रिंगमध्ये नीट जात नाही व नवे दाते महिन्याभरात खराब होतात.

इंजिन पेटल्यावर ते मध्यम वेगाने चालवून बॅटरीच्या टोकांवर शेवटची मोजणी घ्यावी. अल्टरनेटर ठीक असेल तर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसतील. त्याहून कमी दिसल्यास आधी पट्टा ढिला आहे का ते पाहावे व तो ताणून पुन्हा मोजावे. तरीही आकडा वर चढला नाही तर अल्टरनेटर तपासून घ्यावा.